आठदाती टायरं

माझ्या काकांनी आयुष्यात एकच मोटर घेतली, आणि ती ताशी एकशेवीस मैल पळणारी घेतली. तसा आकडा तिच्या वेगाच्या घड्याळावर छापलेलाच होता. काटा त्या आकड्यापर्यंत कधी गेला नाही हे खरं. आमच्याकडे असेपर्यंत तो पंधराच्या पुढे एकदाच सरकला, आणि त्या एका वेळेचं काय झालं ते ओघाने येईलच. पण केनवडातल्या झाडून साऱ्या माणसांना काकांनी ते घड्याळ दाखवलं होतं. लोक वाकून बघत, माना डोलवत आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारत, की केनवडहून ताशी एकशेवीस मैलांनी पळून जायचं तरी कुठं? पहिल्या तासातच माणूस ओळखीच्या मुलखाबाहेर जाईल, आणि तिथं त्याला जेवायला कोण घालणार?

खरं म्हणजे काकांना वेगाची हौस नव्हतीच. शंभर एकरांचा तो धनी स्वतःच्या शेताला चक्कर मारायलाही अर्धा दिवस लावायचा. त्यांना हौस होती ती इवायाचं तोंड बंद करायची.

इवाई म्हणजे आमच्याकडे व्याही. काकांची एकुलती एक मुलगी, माझी चुलत बहीण, कारंज्याला दिली होती. तिचे सासरे कापसाचे आणि धान्याचे व्यापारी. बाजारात दुकान, दुकानामागे घर, आणि घरापुढे चार बैलगाड्या. या गाड्यांवर त्यांचा फार जीव. साऱ्या जगाच्या गाड्यांना लाकडी चाकं आणि वर लोखंडी धाव. यांच्या गाड्यांना हवा भरलेली रबरी टायरं. आमच्या भागात ती तेव्हा अगदी नवी चीज. रस्त्याने जायला लागली की आवाजच नाही, नुसता बैलांच्या गळ्यातला घुंगरू वाजायचा, आणि लोक चाकांकडे बघत उभे राहायचे.

लग्नाला नवरदेवाकडची मंडळी याच चार गाड्यांतून केनवडला आली. काका सामोरे गेले आणि मोठ्या अगत्याने म्हणाले, "या, या! गाड्या तिकडं लिंबाखाली सोडा."

इवाई गाडीतून उतरलेच नाहीत. आरामात बसून त्यांनी विचारलं, "गाड्या? गाड्या कुठं दिसून राह्यल्या तुमाले?"

"ह्या काय ना."

"इवाई, टायर लागलं का तिले गाडी म्हनत नाहीत. टायरावर चालते ते मोटर. आमी मोटरनं आलो."

"अन् मंग हे बैल?"

"ते इंजिन."

मांडवात जो हशा पिकला तो काकांच्या खर्चाने पिकला. तेवढ्यावर भागलं नाही. मोटर म्हटल्यावर तिचा मान आला. इवायांनी अडून बसून आपल्या चारही गाडीवानांना 'डायवर' म्हणवून घेतलं आणि काकांच्या हातून त्या चौघांना टॉवेल-टोपी द्यायला लावली. काकांनी हसऱ्या तोंडाने दिली. मी शेजारीच होतो. ते हसू मी बघितलंय. दाढ उपटून घेताना माणूस असाच हसतो.

मग पहिली दिवाळी आली. मुलीला माहेरी आणायला घरातल्या माणसाने जायचं, याला मूळ जाणं म्हणतात. काकांना मुलगा नाही, म्हणून मूळ मी गेलो. मी तेव्हा पंचविशीत होतो, वाशीमला मास्तर होतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत आमची दमणी, म्हणजे वर छत असलेली हलकी बैलगाडी, जुंपून ऐटीत कारंज्याला पोचलो. बहीण दारातच होती. तिची ट्रंक तीन दिवस आधीच भरून उंबऱ्याशी ठेवलेली होती, वर दोरी बांधून.

इवाई बाहेर आले. त्यांनी दमणीच्या चाकाची लोखंडी धाव पायाने चाचपली आणि म्हणाले, "मास्तर, ह्या खडखडीत आमच्या सुनेले नेता? वाशीम येता येता हाडं खिळखिळी होतीन तिची. नाई जमणार. अन् सर्व्हिसच्या मोटरनंही नाई जमणार, चार लोकांत चेंगरून जायाले ती का उघड्यावर पडली? घरची मोटर आना अन् खुशाल न्या."

मी खूप विनवलं. ते तसूभरही हलले नाहीत. बहिणीने ट्रंकेची दोरी सोडली, ट्रंक उचलली आणि आत नेली. ट्रंक उचलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, एवढंच मला आठवतं. मी रिकामी दमणी घेऊन केनवडला परतलो. काकीने दारातूनच आत नजर टाकली, दमणीत कोणी नाही हे बघितलं, आणि चुलीवरची कढई खाली उतरवून ठेवली. त्या दिवाळीत आमच्याकडे काही तळलं गेलं नाही. काकी काकांशी पुढचे सहा महिने 'ताट वाढलंय' एवढंच बोलत होती.

तर मोटर आली ती अशी. पुढच्या दिवाळीला मुलगी घरी आली नाही तर काकी काय करील, याचा काकांना अंदाज होता आणि तो त्यांना झोपू देत नव्हता.

साधी, चार माणसांची, शहाणी मोटरही मिळत होती. पण काकांना इवायाच्या दारात साधी मोटर उभी करायची नव्हती. तेवढ्यात कुठल्याशा लहान संस्थानातल्या राजवाड्याचा पसारा विकायला निघाल्याचं कळलं. त्यात एक शर्यतीची मोटर होती. लांबलचक नाक, दोनच दारं, मागे कसंबसं एक माणूस आणि एक गाठोडं बसेल एवढी फट, आणि उंची इतकी कमी की आत बसायला आधी मनाने लहान व्हावं लागे. ती फार स्वस्तात मिळत होती, कारण ती कोणालाच नको होती. काकांनी सल्ल्याला आमच्या गावचा बैलांचा दलाल नेला. काका कुठलीही मोठी खरेदी त्याच्याशिवाय करत नसत. विहिरीचं इंजिन घेताना त्याला नेलं होतं. माझी काकी बघायला गेले तेव्हाही नेलं होतं, असं काकी म्हणायची.

दलालाने मोटरीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, "मान लांब हाये, छाती खाली हाये, कंबर बारीक. जातिवंत जनावर हाये, पाटील. घेऊन टाका."

राजवाड्याच्या ड्रायव्हरने ती आगगाडीवर चढवून अकोल्याला आणून दिली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एकच गोष्ट सांगितली: "टायरं बदला, मग हलवा." मोटर चालवायला मी शिकलो होतो एका मित्राच्या ट्रकवर, मे महिन्याच्या एका सुट्टीत, आणि एवढ्या पुण्याईवर मी काकांचा ड्रायव्हर झालो होतो. मी वाकून टायरं बघितली. चारही टायरं सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत. दोन ठिकाणी आतलं कापड वर आलं होतं.

म्हणून आम्ही तिघं, म्हणजे काका, दलाल आणि मी, अकोल्याच्या एका टायरवाल्याच्या दुकानात गेलो.

दुकानदार परप्रांतातून आलेला, गोरागोमटा, पांढऱ्या सदऱ्याचा, बोलायला फार गोड माणूस. त्याने मोटरीची मापं घेतली आणि कानाला हात लावला. "सेठ, इस गाडी का टायर यहाँ किधर! बंबईला लिहावं लागेल, बंबईवाला विलायतेला लिहील. येईल चार-पाच महिन्यांनी." आणि त्याने किंमत सांगितली. त्या किमतीत चांगली खिल्लारी जोडी आली असती, आणि ही किंमत एका टायरची होती.

काकांनी खिशात घातलेला हात परत बाहेर काढला. मग म्हणाले, "दिवाळी तीन हप्त्यांवर आली. दुसरं काय हाये?"

दुसरं बरंच होतं. दुकानदाराने मागच्या खोलीतून नोकराकरवी टायरं घरंगळत आणवली आणि भिंतीला ओळीने टेकवून उभी केली. मी पुढे होऊन काही विचारणार, तोच काकांनी मला हाताने मागे सारलं. "मास्तर, तू थांब. पारखणाऱ्याले पारखू दे."

दलाल उपरणं खांद्यावर टाकून पहिल्या टायरापुढे उकिडवा बसला. बैलाचं वय दातांवरून कळतं. खोंड आधी दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले की तो जुळला, कामाला पुरा झाला. हे आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं. टायरालाही दात असतात, हे दलालाने बसल्याबसल्या ठरवून टाकलं.

पहिलं टायर फौजेतल्या जीपचं, जुनं. त्याच्या नक्षीचे ठोकळे झिजून बोथट झाले होते. "म्हातारं हाये. दात पडत आले," दलाल म्हणाला आणि पुढे सरकला.

दुसरं टायर जुन्या टायरावर नवं रबर चढवलेलं होतं. वरून तजेलदार, काळंभोर. दलालाने कडेला नख घालून बघितलं, सांधा त्याच्या नखाला लागला, आणि तो मोठ्याने हसला. "पाटील, याले तं कवळी बसवली हाये!"

दुकानदार म्हणाला, "अहो, चांगलं काम आहे. गॅरंटी देतो."

"कवळीचीच गॅरंटी देतीन ना तुमी. जबड्याची देता का?"

तिसरं टायर मलासुद्धा चांगलं वाटलं. नक्षी खोल, रेघा स्वच्छ. दलालाने मात्र त्यातल्या एका रेघेत करंगळी फिरवली, दुसरीत फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "हे दात कानशीनं पाडेल हायेत." म्हातारा बैल तरणा दिसावा म्हणून लबाड व्यापारी त्याचे दात कानशीने घासतात. इथे कोणीतरी गुळगुळीत टायरावर चाकूने नव्या रेघा कोरल्या होत्या. दुकानदाराचा गोरा चेहरा लाल झाला. त्याने टायर उचलून स्वतःच आत नेलं.

इथेच आमचा घात झाला. दलालाने खरी लबाडी पकडली, आणि त्या क्षणापासून काकांच्या लेखी तो टायरांचाही महापंडित झाला. पुढे त्याने मोटरीला भोपळे लावा म्हटलं असतं तरी काकांनी भोपळे आणवले असते.

शेवटी कोपऱ्यात चार कोरी टायरं होती. जाड, गुबगुबीत, किंमत ऐकून काकांचे डोळे चमकावेत एवढी स्वस्त. त्यांवर नुसत्या उभ्या सरळ रेघा होत्या. दलालाने पट्ट्या मोजल्या. "एक, दोन... आठ. आठदाती! अस्सल जुळेल माल, पाटील. अन् पाहा, जोडीले जोडी हाये. चारी एका वेताचे." मग, बैल विकत घेण्याआधी त्याला चालवून बघतात तसं, त्याने एक टायर रस्त्यावर नेऊन ढकललं. ते सरळ गेलं आणि समोरच्या पानवाल्याच्या फळीवर जाऊन आदळलं. "चाल सरळ हाये," दलालाने निकाल दिला.

दुकानदार प्रामाणिक होता, हे मी आजही सांगेन. तो म्हणाला, "सेठ, रिंगवर बसेल हे. पण हा बैलगाडीचा माल आहे. बैलाच्या चालीनं चालवाल तर दहा वर्षं मरण नाही. मोटरीच्या चालीनं चालवाल तर दहा मैल."

मी काकांना म्हटलं, "काका, ऐकलं का?"

"ऐकलं ना. दहा वर्षं म्हने." आणि दुसरं वाक्य त्यांनी दुकानातच सोडून दिलं.

मग भाव ठरवायची वेळ आली. बैलबाजारात भाव तोंडाने करत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचे हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. दलालाने सवयीने उपरणं पसरलं, दुकानदाराचा हात धरला आणि त्याची मधली दोन बोटं दाबली. त्या बिचाऱ्याला याचा काही पत्ता नव्हता. दुकानात दोन गिऱ्हाईकं बसली होती. आणि एक अनोळखी, मिशाळ माणूस कापडाखाली आपला हात कुरवाळत डोळ्यांत डोळे घालून बघतो आहे. त्याने हात ओढला. दलालाने आणखी घट्ट धरला आणि एक बोट सोडलं. दुकानदार कळवळून म्हणाला, "जो देना है दे दो, भाई, हात सोडो!"

"सौदा झाला," दलाल म्हणाला. एवढ्या कमी भावात त्याने बैलसुद्धा कधी घेतला नव्हता.

मिस्तरीने टायरं बसवली. ती मडगार्डला घासत होती म्हणून मडगार्ड हातोडीने उचलली. काम झाल्यावर आम्ही मोटर बघितली. आधी ती दबा धरून बसलेल्या वाघासारखी दिसत होती. आता तोच वाघ दलदलीत सापडून पाय वर घेत उभा होता. काका म्हणाले, "उंच झाली. बरं झालं. चिखलातून जाईन."

मी मनाशी पक्कं केलं, की पंधराच्या वर जायचं नाही. त्या इंजिनाला हळू चालणं माहीत नव्हतं. ते गुरगुरे, आचके देई, तापे. दर काही मैलांवर मी उतरून टायरांना हात लावून बघायचो आणि विहीर दिसली की चारही टायरांवर पाणी ओतायचो. अकोल्याहून केनवडला येताना एक म्हातारी आपल्या म्हशीसकट आमच्या शेजारून बरीच वाट चालली. तिने शेवटी विचारलं, "काहून बाबा, बिमार हाये का?"

काकांनी ताठ मानेने सांगितलं, "एकशेवीस मैल पळते."

"मंग पळवा ना," म्हातारी म्हणाली, आणि म्हशीला हाकत पुढे निघून गेली.

दिवाळीच्या आधी, एकशेवीस मैलांची ती मोटर घेऊन कारंज्याला वेळेवर पोचायचं म्हणून आम्ही तीन दिवस आधी निघालो. दलाल घरीच राहिला; आपलं काम झालं असं त्याचं म्हणणं. निघताना काकी मोटरीपाशी आली. तिने घड्याळ बघितलं नाही. मागच्या फटीत एक उशी ठेवली आणि मला म्हणाली, "ती इथं बसन. मोटर नाई आली तरी चालते. पोरगी आन."

वाटेत उतारूंनी खचाखच भरलेल्या सर्व्हिसच्या मोटरीने आम्हाला धुळीची आंघोळ घातली. सायकलवाल्यांनी मागे टाकलं. काका प्रत्येक गावात उतरून मिशीला पीळ देत आणि अंगावर बसलेली धूळ ऐटीत झटकत, म्हणजे वेगाने आल्यासारखं दिसावं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कारंज्याच्या बाजारात शिरलो.

एक मिनिट आमचं राज्य होतं. मी शेवटच्या वळणावर इंजिनाला थोडं मोकळं सोडलं आणि त्याने अशी डरकाळी फोडली की दुकानांतून माणसं बाहेर आली. इवाईसुद्धा बाहेर आले. त्यांचं तोंड उघडं होतं. काका उतरले. वर्षभर ज्याची वाट बघितली तो क्षण आला होता, आणि तो त्यांना घाईने संपवायचा नव्हता. ते हळूहळू उतरले, कारण पाय आखडले होते, पण शोभलं.

"इवाई," काका म्हणाले, "घरची मोटर आनली. पोरीले पाठवा."

आत उंबऱ्याशी बहीण उभी होती, पदर कपाळापर्यंत. ट्रंक तिच्या पायाशी. दोरी बांधलेली.

इवाई मोटरीभोवती फिरले. लांब नाक बघितलं, दार बघितलं, घड्याळाचा आकडाही वाचला. मग त्यांची काठी खाली आली आणि टायरावर टकटक वाजली. ते वाकले. बोटाने त्या उभ्या पट्ट्या मोजल्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उगवलं, ते मी कधी विसरणार नाही. दिवाळी त्यांच्या घरी दोन दिवस आधीच आली होती.

त्यांनी काकांचा हात प्रेमाने धरला, अंगणातल्या आपल्या गाडीपाशी नेलं आणि काठीने तिचं चाक दाखवलं. तीच जाडी, त्याच आठ पट्ट्या.

"सख्खे भाऊ हायेत, इवाई," ते म्हणाले. आणि मग साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं, "पन बैल कुठं राह्यले? मागून पायी पायी येऊन राह्यले का?"

बाजारात हशा फुटला. हमाल पोती टाकून हसले. काकांचा चेहरा बघवेना. मी काहीतरी बोलायला गेलो, इवायांनी काठी वर केली. "मास्तर, मी काय म्हनलं होतं? घरची मोटर आना. हे तं तुमी गाडी आनली. नाक लांब लावलं म्हनून काय झालं? माहा शब्द कायम हाये. सून जाणार नाई."

मला दिसली ती फक्त काकीची उशी, मागच्या फटीत नीट ठेवलेली.

तेव्हा उंबऱ्यातून आवाज आला. सुनेने सासऱ्याशी चार माणसांत बोलायचं नाही अशी रीत. बहीण सासऱ्याशी बोललीच नाही. ती आपल्या सासूशी बोलली, जी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. पण बोलली ती अशा आवाजात, की पलीकडच्या आळीलाही कळावं.

"आत्याबाई, मामाजीले एवढंच विचारा. लग्नाले आपली मानसं मोटरनं आली होती का गाडीनं?"

हसणं जरा कमी झालं.

"म्हंजे असं, आत्याबाई, का गाडीनं आली असतीन, तं डायवर म्हनून चौघाइले जे टॉवेल-टोपी भेटले, ते माह्या बापाले आज वापस द्या लागतीन. सोबतच घेऊन जातीन ते. अन् मोटरनं आली असतीन, तं मी माही ट्रंक उचलते."

त्या चौघांपैकी एक गाडीवान तिथेच अंगणात उभा होता, आणि त्याच्या डोक्यावर तीच टोपी होती. त्याने पटकन दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. प्रश्न पोचवायची गरज नव्हती, तरी त्यांनी तो पोचवला, शब्दन् शब्द, आणि टोपीच्या ठिकाणी अंमळ थांबून.

इवायांनी आपल्या गाडीकडे बघितलं, आमच्या मोटरीकडे बघितलं, गाडीवानाकडे बघितलं. कडू काढा पिताना माणूस करतो तसं तोंड करून ते म्हणाले, "टायरावर चालते ते मोटर." आणि काठी आपटून आत वळले. "न्या."

बहीण ट्रंक घेऊन केव्हाच मोटरीत बसली होती.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर काका हे काका नसते. रात्रीचा मुक्काम वाशीमला माझ्या खोलीवर झाला, आणि दुसऱ्या दिवशी वाशीम मागे पडेपर्यंत ते घड्याळाच्या काट्याकडेच बघत होते. जिंकले तर होते, पण मुलीच्या पदराआडून जिंकले होते, आणि ते त्यांना सलत होतं. रिठदच्या अलीकडे रस्ता सरळ लागला आणि ते एकदम म्हणाले, "मास्तर, पळव."

"काका, टायरं..."

"एकशेवीस लिहेल हाये ना? अर्धं तं पळव."

मागून बहीण म्हणाली, "बाबा, कायले? मी आली ना आता."

"तू चूप बस. पळव म्हनतो ना मी!"

मी पळवली. खोटं कशाला बोलू, मलाही दोन दिवस हात शिवशिवत होते. वीस, तीस, चाळीस. इंजिनाने पहिल्यांदा सुखाचा श्वास घेतला. काकांनी फेटा धरला आणि लहान मुलासारखे हसले. तेवढ्यात मागून कोणी ओली घोंगडी दगडावर आपटावी तसा आवाज यायला लागला, मोटर वाकडी झाली, बांधावर चढली आणि बाभळीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर थांबली. आम्ही उतरलो. एका टायराचे आठही दात एकाच लांब पट्टीत सोलून निघाले होते आणि ती पट्टी मागे रस्त्यावर मेलेल्या धामणीसारखी पडली होती. किती मैल झाले असतील? दुकानदाराचा हिशेब उदारच होता.

काका पट्टीकडे बघत उभे राहिले. मोटर सोडून यायला ते तयार होईनात. शेवटी केनवडकडे कापूस नेणारी एक बैलगाडी आली, लाकडी चाकांची, लोखंडी धावेची, चालताना साऱ्या रानाला ऐकू जाणारी. बहिणीने गाडीवानाला विचारलंही नाही. तिने ट्रंक वर फेकली, आपण कापसाच्या ढिगावर चढली आणि मला म्हणाली, "दादा, ती उशी आन. आई इचारन."

काकांना मोटरीपाशी सोडून दिवेलागणीला आम्ही दोघं घरी पोचलो. केसांत कापूस, पापण्यांवर धूळ, आणि सासऱ्याने भाकीत केल्याप्रमाणे साऱ्या हाडांचा चुरा. काकीने मोटर कुठं आहे हे विचारलं नाही. तिने मुलीच्या केसांतला कापूस वेचायला घेतला आणि मला म्हणाली, "मास्तर, कढई चढव."

मोटर दुसऱ्या दिवशी घरी आली. कशी आली ते मी सांगणार नाही. तसा काकांना शब्द दिला आहे. ती गोठ्याशेजारी विटांवर उभी राहिली, आणि संध्याकाळी काका तिच्यात बसून सुपारी कातरत.

टायरं विटांवरच्या मोटरीला काही कामाची नव्हती. उरलेल्या तिन्हींतली दोन आम्ही दमणीला बसवली, एक जादा ठेवलं. दुकानदार खरा होता. बैलाच्या चालीने त्यांना मरण नव्हतं. पुढे दर दिवाळीला मी तीच दमणी घेऊन कारंज्याला गेलो. दर वर्षी इवाई बाहेर येत, काठीने टायर ठोकत, पट्ट्या मोजत, बैलांकडे डोळे बारीक करून बघत. बाजारातली माणसं ऐकायला जमलेली असत. मग ते मागे वळून आतल्या माणसाला ओरडून सांगत, "सूनबाईले सांगा, मोटर आली. अन् इंजिनाले सरकी टाका!"